डुलणारा जबडा

मंगळवार, ९ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? घरी सगळे बरे आहेत. बाबांनी पुन्हा दाढी वाढवली आहे, त्यामुळे आई त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

संग्रहालयात मला दहावा महिना लागला. मार्जारकुळाचा तक्ता नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलंय. तू शिकवलेल्यात थोडी उलथापालथ झाली आहे. हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही म्हणून तू त्याला वेगळा बसवायचीस. आता तो वाघाच्या शेजारी आलाय, सगळ्यांत जवळचा म्हणून. सिंहाचं नातं बिबट्या आणि जग्वारशी जास्त जवळचं. चित्ता मात्र प्यूमाच्या गोतावळ्यातला, या मोठ्या मांजरांत नाहीच. काल शाळेच्या सहलीतली एक चिमुरडी म्हणाली, "मग हे त्याला कुणी सांगितलं का?"

मी "नाही" म्हणाले आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

तक्त्याखाली कवट्या मांडायच्या म्हणून साहेबांनी जुनी पेटी उघडायला लावली. आत तुझे सिंह आणि वाघ. जबडे कवट्यांना बांधणाऱ्या तारेच्या गाठी तुझ्याच हातच्या. वर चिठ्ठी: 'खालचे जबडे अदलाबदल. बांधणारीची चूक.' साहेब म्हणाले, "नव्या नोंदवहीत हेच उतरवून घ्या. बाईंचे डोळे शेवटी शेवटी गेले होते म्हणे." मी "हो" म्हणाले. चार दिवस ती नोंद पुढे ढकलली.

आत्या, तुझे डोळे ठणठणीत होते.

मी नऊ वर्षांची होते. तू मला शाळेत न घालता इथल्याच, संग्रहालयातल्या तुझ्या कवट्यांच्या खोलीत शिकवायचीस. कातडी उतरली की सिंह-वाघात जाणतेही फसतात, म्हणून तू युक्ती दाखवली होतीस: सिंहाचा खालचा जबडा टेबलावर डुलतो, वाघाचा ठाम बसतो. त्या दिवशी तू चहाला गेलीस आणि मी सिंहाचा जबडा झोपाळ्यासारखा डोलवत बसले. तुझी पावलं वाजली तशी घाईत दोन्ही जबडे कवट्यांखाली सरकवले. तू विचारलंस, "नीट बघितलंस ना?" मी "हो" म्हणाले. तू तार बांधलीस.

संध्याकाळी भात कालवताना माझ्या लक्षात आलं. मी गप्प बसले. पाहुण्या प्राध्यापकांना चूक सापडली, तुला त्या खोलीतून काढलं, तेव्हाही गप्प बसले. "हिला शाळेत घाला, माझाच मला भरवसा नाही," असं तू बाबांना म्हणालीस, तेव्हा मी दाराआड उभी होते.

आज सकाळी मी नोंद केली: 'जबड्यांची अदलाबदल माझ्या हातून, वय नऊ. बांधणारीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.' खाली पूर्ण सही. साहेबांनी चष्मा काढला. "तुमची नोकरी अजून पक्की व्हायची आहे. जरा विचार करा."

मी म्हटलं, "सोळा वर्षं तेच करतेय." पान फाडलं नाही, फाडणारही नाही. नोकरीचं काय ते साहेब ठरवतील.

जुन्या तारा मी सोडल्या आहेत, नव्या बांधलेल्या नाहीत. गुरुवारी बाबा तुला न्यायला येतील. राग आला असेल तर रागावूनच ये, पण ये. दोन्ही जबडे टेबलावर ठेवते. कुठला डुलतो ते तुझ्या हाताने बघ. या वेळी माझं ऐकू नकोस.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
तुझी भाची