सज्जातली शीळ

पार्मा, २० डिसेंबर १८७१

चि. चेझिरा हीस ओरेस्तेदादाचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि बदामाचा केक, दोन्ही पोचलं. केक वाटेत फुटला, पण तो फोडूनच खायचा असतो, तेव्हा तक्रार नाही.

तू लिहितेस, आपली आर्जिया गाते ती ऑपेरा कंपनी पार्म्यात येतेय, तर नाट्यगृहाच्या वरच्या सज्जात बसू नकोस, आणि बसलासच तर तोंड मिटून बस. अगं, सख्खी भाची आहे माझी. पण बावीस वर्षं मी त्या सज्जात बसतो. गाणं मला कुणी शिकवलं नाही. पिंपांच्या फळ्या ठोकता ठोकता कान तयार झाला. कुणी चुकलं की शेजारचे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. इथला रिवाज तुला ठाऊक आहे: पहिल्या तीन प्रयोगांत सज्जाने शीळ घालून नाकारलं, की गायिकेने गाठोडं बांधायचं. भाच्यांना त्यातून सूट नाही.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच राहू दे, २६ तारखेच्या पहिल्या प्रयोगानंतरही.

तुझा दादा,
ओरेस्ते

मांतोवा, २८ डिसेंबर

ती. दादास नमस्कार. आज साष्टांग नाही, नुसताच.

पार्म्याचं वर्तमानपत्र आलं. टीकाकार लिहितो, दुसऱ्या अंकातल्या पदाचा शेवटचा सूर आर्जियाने आभाळाला भिडवला, फक्त सज्जातून कुणा अडाण्याने शीळ घातली. ती कोणाची, हे मला सांगायला नको. कोंबड्या हाकायला लहानपणी तू तीच घालायचास.

कंपनीच्या मालकाने पोरीच्या हंगामाच्या करारावर सही अडवून ठेवलीय, तिसरा प्रयोग बघून करू म्हणतो. हे म्हणतात, तुला तुझ्याच पिंपात बसवून वर झाकण ठोकावं. मी म्हटलं, आधी थोडं व्हिनेगर ओता.

रागावलेली, तरी तुझीच,
चेझिरा

पार्मा, २ जानेवारी १८७२

चि. चेझिरा हीस आशीर्वाद. पत्र शेवटपर्यंत वाच, मग फाड.

अडाणी तो मीच. पण ते पद अर्धा सूर खाली उतरवून गायलं गेलं होतं. कुणाला कळलं नाही. आभाळाला भिडवणाऱ्या त्या टीकाकाराला अजून कळलेलं नाही. माझ्या एकट्याची शीळ गेली आणि बदल्यात तीन टोप्या आणि एक संत्रं डोक्यावर आलं. संत्रं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्जिया माझ्या कारखान्यात हजर. भांडायला आली असं वाटून मी हातोडी खाली ठेवली, तर तिने माझे दोन्ही गाल पकडून मुके घेतले. म्हणाली, सूर तिने उतरवलाच नव्हता. पार्म्याचं नाव ऐकून वाद्यमेळाचा प्रमुख घाबरला, वर तिचा आवाज फाटेल म्हणून त्याने परस्पर उतरवला. ती आठ दिवस विनवत होती, मूळ सुरात गाऊ द्या. मग मला म्हणाली, मामा, उद्या पुन्हा घाल, आणि जरा जोरात.

मी तिला समजावलं, बाई, तीनातला एक प्रयोग गेलाय, दुसराही घालवशील. ती ऐकते होय? तुझीच पोर. दुसऱ्या प्रयोगाला मी घातली, आणि या खेपेस सज्जातले अकरा जण माझ्याबरोबर. प्रमुख नमला, तिसऱ्या प्रयोगाला मूळ सूर द्यायला कबूल झाला. टीकाकाराने लिहिलं की सूर पहिल्या दिवशीसारखाच दिव्य, आणि अडाणी वाढत चालले आहेत.

परवा तिसरा प्रयोग झाला. तो शेवटचा सूर कसा लागला, किती टिकला, हे सगळं तुला नीट लिहावं म्हणून बसलो, आणि लक्षात आलं की मला सांगता येत नाही. पदाच्या मध्यावरच डोळे भरून आले. नाक शिंकरून वर बघतो, तर सगळा सज्जा उभा राहून टोप्या उडवतोय. शेजाऱ्यांनी निकाल विचारला. मी सांगितलं, राखून ठेवलाय. मालकाने माझ्या निकालाची वाट पाहिली नाही; पडदा पडायच्या आत सही केली.

चौथ्या प्रयोगाला भावजींना घेऊन तू ये. माझ्या शेजारी बस, तो सूर नीट ऐक आणि मला सांग. माझा काही भरवसा नाही.

लोभ असावा, जमल्यास वाढवावा.

तुझा दादा,
ओरेस्ते