साक्रीच्या खटल्याची नक्कल

सोमवार, ११ जानेवारी १९३७. पारोळा

सुंदरचं लग्न ठरून आज चार दिवस झाले. आणि आज कळलं की होणाऱ्या नवऱ्याची पहिली बायको तापानं गेली नाही.

संक्रांत जवळ आली म्हणून सुमनबाई कासारीण शाळेत मुलींना बांगड्या भरायला आली होती. सहज म्हणाली, "बाई, बहीण कुठे दिली?" मी म्हटलं, साक्रीकडे, लोटन पाटलांच्या दौलतला. पोरीच्या हातात बांगडी अर्धीच चढली होती, ती तशीच राहिली. "त्याची पहिली विहिरीत सापडली ना? धुळ्याला खटला चालला होता." मग इकडेतिकडे बघून, "मी काही बोलले नाही हो बाई." टोपली उचलून गेली. निम्म्या मुली तशाच राहिल्या.

तापानं गेली, तीन दिवसांत — असं लोटन पाटील आमच्याच ओट्यावर बसून माझ्या भावाला, हिलालभाऊला सांगत होते. मी दारामागून ऐकलंय.

सुंदर सतरा वर्षांची. आई गेली तेव्हा पाळण्यात होती. मी तेव्हा नुकती विधवा होऊन माहेरी आलेली. तिला मीच वाढवली.

१२ जानेवारी

भाऊला विचारलं. "कासारणीच्या सांगण्यावरून सोयरीक मोडू?" एवढंच म्हणाला. जेवण मात्र अर्धं टाकून उठला.

लग्नाला सात आठवडे आहेत. खटला झाला असेल तर कागद असेल. कागद बदलत नाही.

सोमवार, १८ जानेवारी

डोळे दाखवायचं निमित्त करून धुळ्याला जाऊन आले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाई अशी मी एकटीच. सगळे बघत होते. पदर ओढून दप्तरखान्याच्या खिडकीशी गेले.

कारकून म्हणाले, "साल?" माहीत नाही. "केस नंबर?" माहीत नाही. "तुम्ही पक्षकार आहात? मयताच्या नात्यातल्या?" नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तिऱ्हाइताला फौजदारी कागद दाखवत नाहीत. हे काही वाचनालय नाही."

बाहेर पायरीवर बसले. तिथे बन्सीलाल म्हणून एक म्हातारे अर्ज लिहून देणारे बसतात. त्यांनी पाणी दिलं, विचारलं, मी सांगून टाकलं. त्यांनी टाक पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "तो खटला मला आठवतो. पोरीची आई सोनगीरची, ताईबाई. निकाल लागला त्या दिवशी याच पायरीवर बसली होती. उठेचना. शेवटी शिपायानं उठवली. निकालाची नक्कल तिला मिळेल, तुम्हांला नाही. तिला घेऊन या."

म्हणजे खटला झाला होता. खरंच झाला होता.

रविवार, २४ जानेवारी. सोनगीर

किल्ल्याखाली तांबटांची आळी आहे, दिवसभर भांड्यांवर ठोके पडत असतात. त्याच आळीच्या टोकाला ताईबाईचं घर. बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मला तर कुजबुजायचं होतं.

दारातच म्हणाली, "तू कसाले उनी? पाच वरीस झाये, कोन्ही उनं नही." इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी आलंच नव्हतं.

मी सांगितलं — माझी बहीण तिथे द्यायची ठरली आहे. ती खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "मनी यशोदा तापीमा पोहेल व्हती. ती हिरमा कशी बुडी? बठ्ठासले माहीत शे. कोन्ही बोलनं नही." तापीत पोहणारी पोर विहिरीत बुडेल कशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोललं कोणी नाही.

केव्हाची गोष्ट? "सिंहस्थनं साल व्हतं. नाशिकले जायेल लोक परत येत व्हतात." म्हणजे बत्तीस किंवा तेहतीस.

अर्जावर अंगठा द्याल का, विचारताना मला लाज वाटली. ही बाई माझी कोण? तिच्या घरात तिच्या मेलेल्या लेकीचं मरण वापरून मी माझ्या बहिणीला वाचवायला निघालेली. तिनं माझा हात धरला. "देसू. पन ते लोक तुले सोडनार नहीत."

२५ जानेवारी

दोघी धुळ्याला गेलो. बन्सीलालनी अर्ज लिहिला. ताईबाईनं अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली.

तेच कारकून. आज त्यांनी लगेच जाडजूड रजिस्टर काढलं. आरोपींच्या नावांवरून बोट खाली जात होतं — बत्तीस साल संपलं, नाही. मला क्षणभर बरं वाटलं! कासारीण खोटं बोलली असेल, म्हातारी भ्रमिष्ट असेल, बन्सीलालचा गोंधळ झाला असेल. मग तेहतीस सालच्या तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"दौलत लोटन. खून. निर्दोष सुटला." कारकुनांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. "साहेबांची मंजुरी लागेल. पंधरा दिवसांनी या."

जाताना फाटकाशी लाल पागोट्याचा एक माणूस उभा होता. ताईबाईनं त्याला पाहिलं आणि माझ्या मागे झाली. "त्यासना गावना शे," म्हणाली. म्हणजे लोटन पाटलांच्या गावचा.

१ फेब्रुवारी

लाल पागोटं पारोळ्यात. शाळेच्या समोर, लिंबाखाली. दिवसभर. काही करत नाही, बसतो फक्त. शाळा सुटली तेव्हा उठून म्हणाला, "मास्तरीणबाई, डोळे बरे झाले का?"

डोळ्यांचं निमित्त मी फक्त घरात सांगितलं होतं. भाऊ त्यांच्याशी बोललाच असणार. सहज बोलला असेल. भाऊचं मन साफ आहे. पण मला आता घरातही मोठ्यानं बोलवत नाही.

५ फेब्रुवारी

वर्गाच्या दारात चिठ्ठी. सही नाही. "विहिरी पारोळ्यातही आहेत."

अक्षर सुबक आहे. कोणीतरी शिकलेल्यानं लिहिलंय. का कोण जाणे, त्याचीच जास्त भीती वाटली.

६ फेब्रुवारी

सुंदरला आडावर पाणी भरायला जाऊ दिलं नाही. "अक्का, तुला झालंय काय?" म्हणाली. मी घागर उचलून स्वतःच गेले.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

नक्कल मिळाली. कारकुनांनी खिडकीतून देताना हळूच म्हटलं, "इथे वाचू नका." ताईबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, तूच ठेव, माले त्या कागदमा काय शे ते ठावं शे. सोनगीरच्या मोटारीत तिला बसवून दिलं. मग मोटारतळावर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि वाचलं.

डॉक्टरांची साक्ष आहे. पोटात पाणी नव्हतं. फुप्फुसात पाणी नव्हतं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांच्या खुणा. म्हणजे विहिरीत गेली तेव्हा ती मेलेलीच होती.

शेजारणीनं पोलिसांपुढे सांगितलं होतं की ओरडणं ऐकलं. कोर्टात म्हणाली, काही ऐकलं नाही. घरात त्या दिवशी पाच माणसं, कोणी केलं ते सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा. सुटला.

यशोदा सुंदरएवढीच होती. सतरा.



१० फेब्रुवारी

भाऊपुढे कागद ठेवला. त्यानं शेवटचं पान आधी उलटलं. "निर्दोष लिहिलंय. कोर्टानं सोडला, आणि तू कोण धरणारी?"

"मधलं वाच, भाऊ."

"मला नाही वाचायचं."

तेव्हा मीच वाचायला लागले. डॉक्टरांच्या साक्षीपर्यंत आले, तर माजघराच्या दारात सुंदर उभी. केव्हा आली ठाऊक नाही. भाऊ म्हणाला, "आत जा." ती गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा गेली नाही.

"भाऊ, तू सांगशील तिथे मी जाईन," म्हणाली. "फक्त हे ऐकून घे आणि मग सांग."

भाऊनं सगळं ऐकलं. शेवटी भिंतीला डोकं टेकून बसला. मग म्हणाला, "मी शब्द दिलाय. आता मोडतो. पुढे काय होईल ते होवो." कागदाची घडी करून त्यानंच ती माझ्या पेटीत ठेवली.

रविवार, १४ फेब्रुवारी

लोटन पाटील आले. सोबत लाल पागोटं आणि आणखी दोघं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. काही नाही. ओट्यावर बसले, पाणी प्याले, सुपारी कातरली. तेच जास्त भयंकर होतं.

"पोर तुमनी, मर्जी तुमनी," म्हणाले. "पन ज्याले कोर्टानी सोडा त्यानी बदनामी नको. कागद पेटीमा ऱ्हाऊ द्या. तुमनं खळं, बाईनी नोकरी, बठ्ठं सुखरूप ऱ्हावो." मग माझ्याकडे बघितलं. "आनि ती सोनगीरनी म्हातारी. तीबी सुखरूप ऱ्हावो."

भाऊनं मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं नाही. माझं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, कागद पेटीतून बाहेर येणार नाही. कुणाला सांगणार नाही. शब्द देते.

ते गेल्यावर सुंदर माझ्या गळ्यात पडून रडली. मी कोरडीच. ती वाचली. एवढंच मनाशी म्हणत राहिले.

१८ फेब्रुवारी

लिंबाखाली कोणी नाही.

२० मार्च

बन्सीलालना पत्र टाकलं होतं. त्यांनी उत्तर धाडलं, ताईबाई ठीक आहे. सुंदर शाळेत मला मदत करते, लहान मुलींना बाराखडी शिकवते. काल हसत होती. भाऊ पुन्हा जेवताना बोलायला लागला. विहिरीचं स्वप्न अजून पडतं मला, पण रोज नाही.

सोमवार, ३ मे

आत्ता सकाळी माझ्या शाळेतल्या बेबाची आई आली. बेबा — दोन वर्षांमागे सातवीत पहिली आली ती. हातात कुंकवाची पुडी. "बाई, आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर बेबाचं लग्न. तुम्ही शिकवलं तिला, तुम्ही यायलाच हवं. मुलगा साक्रीकडचा, लोटन पाटलांचा. बिजवर आहे, पण घर चांगलं. पहिली बिचारी तापानं गेली."

मी त्यांना बसायला सांगितलंय. पाणी आणते म्हणून आत आले. पेटी उघडली आहे. माझं काही झालं तर आजची तारीख कुठेतरी असावी, म्हणून एवढं लिहिते.

त्या ओट्यावर बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवणार.