तांबड्या मातीचं टेनिस

मु. पलूस, चैत्र, १९७६

निवृत्त हवालदार नानासो यांना औंध मुक्कामी त्यांच्या थोरल्या दाजींचा, म्हणजे लालासाहेबाचा, रामराम पोचावा.

यमाईच्या कृपेनं तिकडं सगळी धडधाकट असतील. मामांचा खोकला कसा आहे? (मध-आलं द्या, विडी देऊ नका.) माझी तब्येत विचारू नका. विचारायला तुम्हाला तोंड राहिलेलं नाही.

पाव्हणं, उभी नोकरी तुम्ही पुण्यात लष्करी साहेबांच्या टेनिसच्या मैदानावर काढली. गेल्या चैत्रात जत्रेला आमच्याकडं आलात, जेवलात, आणि जाताना हे खूळ माझ्या डोक्यात घालून गेलात. तोवर मला ऊस आणि कुस्ती सोडून काही कळत नव्हतं, आणि लय सुखात होतो. मग लागला रेडिओ कानाला. हे पैसे घेऊन खेळणारे टेनिसवाले वर्षभर घराचं तोंड बघत नाहीत. आधी रोम, मग पॅरिस, लंडन, अमेरिका, वर्षाअखेर निवडक आठ जणांचा फड, की लगेच नव्या वर्षाला मेलबर्न! आमचा अर्जुना धनगर म्हणाला, "म्हंजी आमच्यागत मेंढरं घिऊन हिंडत्यात व्हय?" बरं, हिंडू देत. पण रोमला हरलेला गडी पॅरिसला त्याच गड्याला हरवतो, हा कुठला न्याय? आमच्यात एकदा पाठ लागली की लागली, माणूस वर्षभर त्या गावाच्या शिवेला जात नाही. आणि ते गुण! पंधरा, मग तीस, आणि त्यापुढं चाळीस. मधले पाच कोण खातं? उसाच्या काट्यावर असं माप झालं असतं तर आम्ही काटा उपटून टाकला असता.

तरी मी वर्षभर ऐकत राहिलो, आणि यंदा पंचांपुढं बोलून बसलो, की जत्रेत कुस्त्यांच्या आधी टेनिस लावायचं. सांगलीचे कॉलेजातले दोन गडी ठरवले. मैदानाची मला काळजीच नव्हती. पॅरिसला तांबड्या मातीवर खेळतात, असं तुम्हीच सांगितलेलं. आता तांबडी माती कशी करायची, हे आम्ही काय पॅरिसवाल्यांकडनं शिकायचं? तालमीचे वस्ताद नाथाजी स्वतः उतरले. माती चाळली, उकरली, तीत गोडंतेल, ताक, लिंबं आणि हळद घातली. (ताक गावाचं, तेल आणि हळद आमच्या घरची.) अशी लोण्यासारखी माती झाली, की लहान पोर वरून पडलं तरी हसत उठावं.

मैदानाला पाच गावं लोटली. गड्यानं चेंडू उडवून सणसणीत हाणला. चेंडू जाळीपलीकडं गेला, मातीत रुतला आणि तिथंच बसला. लोक म्हणाले, आता उठंल, मग उठंल. कशाचा उठतोय! त्या पोरांनी मला विचारलं, "काका, रोलर कुठं फिरवला?" तेव्हा कळलं, की ती माती रस्त्यासारखी दाबून घट्ट करायची असते. तुम्ही, हवालदारसाहेब, इतकी वर्षं तो रोलर ओढलात, पण एका शब्दानं बोलला नाहीत!

तरी खेळ चालू ठेवला, गावाच्या अब्रूचा प्रश्न. इतक्यात एकजण चेंडूमागं धावताना तेलावर घसरला आणि दोन्ही खांदे टेकून उताणा पडला. झालं! चितपट! हलगी कडाडली, फेटे उडाले, आणि जाळीपलीकडच्या गड्याला, ज्यानं ह्याला हातसुद्धा लावला नव्हता, खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. आता शेंबडं पोरगंही मला टेनिससाहेब म्हणतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तुमची बहीण! हळद शालूच्या लग्नासाठी ठेवलेली, हे खरं. म्हणून काय चारचौघांत म्हणायचं, "माती न्हाली, आता माज्या लेकीला काय लावू?" आणि संध्याकाळच्या एसटीनं माहेरी निघून यायचं? वैशाखात लग्न, आणि घरात जाणतं बाईमाणूस नाही. अख्ख्या मुलखाला हळद पुरवणाऱ्या सांगलीत हळदीचा दुष्काळ पडलाय काय? मी न्यायला येणार नाही. दोष तुमचा, निस्तरा तुम्ही.

लोभ असो म्हणत नाही. असलाच तर दिसू द्या.

आपला,
लालासाहेब

ता. क. : वरचं सगळं सोप्यात बसून मोठ्यानं वाचा, तुमच्या बहिणीला आत ऐकू जाईल असं. हे मात्र मनात वाचा. म्हैस कुणाला पान्हा देईना. माझी भाकरी कुत्रं हुंगून जातं. शालू एसटीचा आवाज आला की दारात येते आणि परत आत जाते. ती हळद तुमच्या बहिणीनं, माझ्या मनूनं, स्वतः लावली, खणली, उकडली, वाळवली. पोत्याला हात घालताना मला हे ठाऊक होतं. चुकलो. तिच्यावाचून घर खायला उठतंय. लेकीला हळद कुठलीही लागंल, पण ती लावायला आई पाहिजे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलेलं फाडून लिहितोय. उलटं करा. पत्र मनात वाचा, आणि वरचा ताजा कलम तेवढा मोठ्यानं वाचा. ती काही बोलली नाही, तर परत वाचा.