प्यो से-रिनवर सूड

३ मार्च, सकाळी ७
आजपासून सूड. काल टीव्हीवर प्यो से-रिनची मुलाखत. ऑपेराच्या गळ्यानं पॉप गाते, म्हणून अख्खा देश तिच्यावर फिदा. हसत म्हणाली, "एका सरांनी बजावलं होतं, पॉप गायचं असेल तर माझ्या वर्गात पाऊल टाकू नकोस." नाव घेतलं नाही. पण अख्ख्या देगू शहरात असं खडसावून बोलणारा गाण्याचा मास्तर माझ्याशिवाय आहे कोण? गळा घडवला मी, आणि वर बदनामीही माझीच.

४ मार्च
ठरलं. ती परीक्षक असलेल्या टीव्ही स्पर्धेतच उतरायचं. ऑपेराही गायचा, पॉपही. ती माफी मागेल. मी माफ करणार नाही.
बायको म्हणाली, अहो, बावन्नाव्या वर्षी? म्हटलं, आवाज आत्ता कुठे पिकलाय.

१९ मार्च
रोज चार तास रियाज. (आज वीस मिनिटं. घसा जपायला हवा.) वरच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या, घरात कुणी आजारी आहे का. नोंद ठेवली आहे. त्यांनाही बघून घेईन.

२ एप्रिल
विजयाचं भाषण तयार. नऊ मिनिटं. तिचं नाव एकदाही नाही, पण तिला रडू फुटेल अशी वाक्यं सात. गाणं अजून पाठ नाही.

११ एप्रिल, सकाळी ८
आज स्पर्धा. बायकोनं शेवाळाचं सूप वाढलं. परीक्षेच्या दिवशी ते बुळबुळीत सूप प्यायलं की माणूस घसरतो, नापास होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही नक्की कुणाच्या बाजूची? दोन वाट्या प्यायलो. भूक होती.

दुपारी ४
गायलो. वरच्या सुराला हातात माइक आहे हे विसरलो. साउंडवाल्यानं हेडफोन काढून ठेवले. भारावला असावा. चारही परीक्षकांचा नकार. तिचा सगळ्यांत आधी.

१२ एप्रिल
हे लिहायचं नव्हतं.
काल स्पर्धेनंतर ती स्टेजमागे येऊन भेटली. नमस्काराला कमरेतून वाकली. मी भाषण काढून दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो, तर ती गोंधळली. म्हणाली, ते वर्गात पाऊल न टाकण्याचं आमचे नेहमीचे सर, नाम आडनावाचे, म्हणाले होते. ते आजारी असताना तुम्ही सहा सोमवार बदली आला होतात, नाही का?
"तुम्ही तर काहीच बोलला नव्हतात, सर. फक्त खिडकी लावून घ्यायला सांगायचात."
मग संकोचून तिनं माझं आडनाव विचारलं.
"मा," म्हटलं.
पूर्ण नाव तिनं विचारलं नाही.