लगेच आलेलं उत्तर

सस्काटून, कॅनडा,
१४ नोव्हेंबर २०१०

प्रिय गुरुदत्त,

माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. सहीपलीकडे पेनचं काम इथे पडत नाही, त्यामुळे अर्ध्या पानातच बोटं दुखायला लागली आहेत. मे महिन्यापासून तुझा एकही मेल नाही, आणि तो का नाही हे मला गेल्या रविवारी कळलं. तेव्हापासून तुला तोंड कसं दाखवावं हा एकच विचार डोक्यात आहे. तू मला अजून मित्र मानतोस का, तेही मला ठाऊक नाही. मानत नसलास तर त्यात तुझी काही चूक नाही. पण मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल. भित्र्या माणसाला लागतोच.

इकडे बर्फ सुरू झालंय. विंटर टायर चढवले, ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून पाठ धरली. खाणीच्या कंपनीतली नोकरी चालू आहे; जमिनीखालून खताचं पोटॅश निघतं आणि मी वर बसून त्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. सुमेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रमली आहे. ईशिता चौदा वर्षांची झाली. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तिघांचंही त्यात छान भागतं.

वेबसाइटबद्दल तुला मी काय सांगणार? तिचा पहिला वाचक तूच. कामं झटपट उरकणारी सॉफ्टवेअरं, कॉम्प्युटरच्या ताज्या बातम्या, कुठल्या दोन कळा एकदम दाबल्या की काय होतं, असलं काहीबाही मी बेसमेंटमध्ये बसून लिहायला लागलो, तेव्हा ते वाचणारे आपण दोघंच होतो. पहिली कॉमेंटही तुझीच: ‘एक नंबर, नंद्या! आई विचारते कधी येतो.’ पुढे वाचक वाढले. जर्मनीतले, अमेरिकेतले लोक मला गुरू मानून प्रश्न विचारायला लागले, तेव्हा मला त्या कॉमेंटचा संकोच वाटला आणि मी ती गुपचूप काढून टाकली. तुझ्या ते लक्षात आलं असणार. तू काही बोलला नाहीस.

लोक मला ओळखतात ते रिकाम्या इनबॉक्सबद्दल. ऑफिसातून निघताना एकही मेल शिल्लक नसतो, याचा मला केवढा तोरा! गेल्या वर्षी विनिपेगच्या मराठी मंडळींनी गणपतीत भाषणाला बोलावलं, तर तिथल्या रिटायर्ड डॉक्टरांना आणि प्राध्यापकांनाही मी वेळ कसा वाचवावा हे शिकवून आलो. बिचाऱ्यांकडे वेळच वेळ होता, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि या माझ्या रिकाम्या इनबॉक्सच्या आड येत होतास तू. तुझी ती गुलाबाची फुलं, ते सुविचार, ते ‘दहा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल’. मधूनच नुसतं ‘काय बे, जिवंत आहे का?’ उत्तर दिलं नाही तर दोन दिवसांनी तेच पुन्हा. त्या सुमाराला मेलमध्ये एक नवी सोय आली होती. ठरावीक माणसाचा मेल आला की तो परस्पर एका बाजूच्या कप्प्यात जाऊन पडायचा आणि आपण आधीच लिहून ठेवलेलं उत्तर त्याला आपोआप जायचं. मी तुझ्या नावाने ती सोय लावून घेतली. उत्तर लिहून ठेवलं: ‘अरे वा, मस्त! सावकाश लिहितो. – नंदू.’ ते मशीनने पाठवलंय असं वाटू नये म्हणून मुद्दाम ‘अरे वा’ घातलं होतं. ही युक्ती सुचली म्हणून मी तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. आज लिहिताना कान तापताहेत. गुरू, जवळजवळ दोन वर्षं मी तुझ्याशी बोललोच नाही रे. तू ज्याच्याशी बोलत होतास ते माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं.

गेल्या रविवारी दुपारी मी साइटवर याच सोयीबद्दल लेख लिहायला बसलो. वाचकांना दाखवायला माझ्या स्क्रीनचं चित्र हवं होतं, म्हणून तो कधी न उघडलेला कप्पा उघडला. चित्रातली नावं पुसायची होती, तेवढ्यासाठी वाचू लागलो, आणि पुढे नावं पुसायचं राहूनच गेलं. त्यातले निम्मे मेल तुझे नव्हतेच. तुझ्या पत्त्यावरून काकू लिहीत होत्या.

धरमपेठेतल्या त्यांच्या टायपिंग क्लासात मी दहा बोटं चालवायला शिकलो. मान खाली गेली की पट्टी बसायची, आणि स्वतःचा मुलगा म्हणून तुला दोन जास्त. त्या काकू सत्तरीत तुझ्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकल्या आणि पहिलं पत्र मला लिहिलं, हे मला माहीतच नाही! ‘चि. नंदनला अनेक आशीर्वाद’ अशी सुरुवात. तू माझे लेख त्यांना मराठीत सांगतोस, सगळे कळत नाहीत पण शॉर्टकट कळतात, असं त्यांनी लिहिलंय. ईशिता दहा बोटांनी टाइप करते की दोन, असं विचारलंय. मशीन म्हणालं, अरे वा, मस्त! पुढच्या एका पत्रात डोळ्याच्या ऑपरेशनची थोडी भीती वाटते असं लिहिलंय. मशीन म्हणालं, अरे वा, मस्त! आणि त्यावर त्यांचं दुसऱ्या दिवशीचं पत्र: ‘तुझं लगेच उत्तर आलं, धीर आला. इतका बिझी असून म्हातारीला विसरत नाहीस.’ हे वाचून मी बेसमेंटच्या पायरीवर जाऊन बसलो. ग्रोसरी घेऊन आलेल्या सुमेधाला वाटलं, मला काहीतरी झालंय.

मग मे महिन्यातला तुझा मेल. ‘नंद्या, आई काल गेली. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तुझ्याशी वाटतं. फोन कर.’ त्यानंतर लगेच, माझ्या नावाने, तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी तुला काय आलं ते मी इथे पुन्हा लिहू शकत नाही. तुला ते पाठ असेल.

घरात सांगितलं. सुमेधा म्हणाली, लग्नानंतर नागपूरला पहिली ओटी मला काकूंनी भरली होती, आणि उठून आत गेली. मी ईशिताला समजावत होतो की ते सॉफ्टवेअर असं असतं, त्याला मजकूर कळत नाही वगैरे. ती शांतपणे म्हणाली, ‘डॅड, इट्स नॉट अ बग. यू डिड दॅट.’ लेख अर्धवट टाकला आणि ती सोय बंद केली. आता बंद करून तरी काय मोठं केलं म्हणा.

आठवडाभर तुला मेल लिहीत होतो आणि खोडत होतो. मेलवरून माझा कुठलाही शब्द तू खरा का मानावास? शेवटी काल सकाळी धीर करून फोन लावला. तू भाजी आणायला गेला होतास. जयंतीवहिनींनी घेतला. मी काकूंचं नाव काढायच्या आतच त्या म्हणाल्या, भाऊजी, आई गेल्या तेव्हा तुमचं लगेच उत्तर आलं ना, त्याने यांना फार आधार वाटला हो. नंदू फार रडलाय, टायपिंग क्लासपासूनचं सगळं लिहिलंय त्याने, असं यांनी सगळ्यांना सांगितलं. मी वाचायला मागितलं तर म्हणाले, ते आमच्या दोघांतलं आहे.

आणि मी काय केलं माहीत आहे? ‘हो वहिनी’ म्हणालो. वर गळा दाटल्यासारखा आवाजही काढला. सहा महिने तू तुझ्या घरात माझी अब्रू सांभाळलीस, मी न लिहिलेलं पत्र माझ्या नावावर लिहिलंस, आणि आयतं मिळालं म्हणून मी ते घेऊन टाकलं. मशीनच्या उत्तराची लाज एक वेळ कुणावर तरी ढकलता आली असती. कालचा ‘हो’ मी माझ्या तोंडाने म्हणालो. म्हणून हे पत्र हाताने लिहिलंय. ते वहिनींना वाचायला दे. माझ्यासाठी त्यांच्याशी आणखी खोटं बोलू नकोस. डिसेंबरात मला नागपूरला यायचं आहे, काकूंच्या फोटोसमोर नाही, तुझ्यासमोर बसायला. पण तू सांगितल्याशिवाय तिकीट काढणार नाही. शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाल. नुसतं ‘येऊ नकोस’ लिहिलंस तरी चालेल. ते मी स्वतः वाचेन.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच,
नंदू