अण्णांची आरती आणि माझा लिनक्स

पुंगोल, सिंगापूर
१५ सप्टेंबर २०१३

प्रिय निशिकांतदादांस,

पद्माकरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खराखुरा आहे. गेला आठवडाभर मी टीव्हीमागे पालथाच पडलेला आहे.) तुमचं ब्लडप्रेशर, वहिनींचा गुडघा आणि बाल्कनीतली कबुतरं ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण मधुवंती खुशाल असून माझ्याशी जेवणापुरतं बोलते. जाई खुशाल. आई ठणठणीत आहेत, शनिवारी पुण्याला पोचतील, आणि हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. हाताने न्यायचं पत्र चिकटवलं तर नेणाऱ्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अण्णांनी मला सुनावलं होतं.

पत्रास कारण की, झाल्या प्रकाराबद्दल मधुवंती तुम्हाला फोनवर सांगेलच (सांगून झालंही असेल), तर निदान दुसरी बाजूही तुमच्यापर्यंत पोचावी. तुम्हाला ठाऊकच आहे, अण्णा गेल्यावर गेल्या वर्षी कुणीच गणपती बसवला नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि आई आमच्याकडे आल्या. चांगी विमानतळावर ट्रॉली ढकलतानाच त्या म्हणाल्या, "पद्माकर, मला काही बघायचं नाही इथलं. ह्यांची आरती तेवढी गणपतीपुढे ऐकव." म्हणजे २००९ साली तुम्ही कॅमेऱ्यावर घेतलेली, आणि 'तू इंजिनियर आहेस, तूच सांभाळ' म्हणून त्या छोट्या हार्डडिस्कवर घालून मला दिलेली आरती. सासूबाईंनी तेरा वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तिथेच शब्द दिला. टॅक्सीत बसेपर्यंत छातीही फुगवून झाली होती.

एखादा शहाणा माणूस डिस्क टीव्हीला जोडून मोकळा झाला असता. पण मी टीव्हीला जोडला माझा जुना कॉम्प्युटर, आणि तो चालतो लिनक्स नावाच्या फुकटच्या प्रणालीवर. लिनक्समध्ये प्रत्येक गोष्ट आपल्याला हवी तशी करता येते, आणि खरा घात तिथेच आहे. पहिल्या दिवशी आवाज चोख आला, पण चित्र मागे पडलं. 'जय देव जय देव' म्हणून होई, आणि मग अण्णा तोंड उघडत. जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आजोबा सो लॅगी, कॅनॉट लाह!" मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. (ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि पडदा यांच्यामधला मध्यस्थ. मध्यस्थ बदलला की दोन्हीकडचे रुसतात, हे लग्नं जमवणाऱ्या आपल्या वहिनींना सांगायला नको.) आता अण्णा वेळेवर तोंड उघडू लागले, पण हिरवे दिसू लागले. आईंनी एकदाच बघितलं आणि त्या उठून गवार मोडायला गेल्या. मी जुना ड्रायव्हर परत आणला. हिरव्यापेक्षा उशिरा बरे.

इथवर थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण आईंना एक बटण दाबलं की आरती सुरू व्हावी, माउसची भानगड नको, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून कॉम्प्युटर सुरू होतानाच्या आज्ञांमध्ये मी एक आज्ञा घातली: अण्णांची डिस्क हाती आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि आली की थेट आरती. शिवाय सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात, त्या आईंना अपशकुनी वाटल्या. कुठल्याही कामाची सुरुवात गणपतीने करायची हे तर आपल्या रक्तातच आहे. तेव्हा त्या सगळ्या ओळी झाकून तिथे मी गजाननाचं सुंदर चित्र लावलं, पडदाभर. रविवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. आधी गणपती, मग अण्णा. मधुवंतीने मला दुसऱ्यांदा चहा विचारला. तेरा वर्षांत असं तीनदाच झालंय.

सोमवारी चतुर्थी. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून रजा घेतली होती. मूर्ती बसली, पूजा झाली, आईंनी बटण दाबलं. गणपती आला. तो आलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाप्पा हलेना. मी टीव्हीमागे जाऊन डिस्कची वायर बघितली. वायर घट्ट होती. मग आंग मो किओत राहणाऱ्या प्रबोधला फोन लावला. (हा माझा लिनक्समधला गुरू. गुरूचा स्वतःचा कॉम्प्युटर मार्चपासून बंद आहे.) तो म्हणाला, "सरळ बंद कर आणि सगळं नव्याने घाल." मी बंद करायला हात पुढे केला आणि मागून आई ओरडल्या, "अहो, काय करताय!" (मला त्या घाबरल्या की अहो म्हणतात.) वळून बघतो तर टीव्हीच्या चौकटीला हळदकुंकू लागलेलं, वर दूर्वा, खाली अक्षता. उत्तरपूजा झाल्याशिवाय बसलेला गणपती हलवायचा नसतो. एकाच घरात दोन गणपती बसले होते, आणि एकाचं विसर्जन कसं करायचं ते प्रबोधलाही ठाऊक नव्हतं.

दीड दिवस दादा, दीड दिवस तो पडदा तसाच. आरती मीच म्हटली. कशी म्हटली ते मधुवंती सांगेल. आई टाळ वाजवत राहिल्या आणि अधूनमधून टीव्हीकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. एवढं एक मागितलं होतं त्यांनी.

मंगळवारी संध्याकाळी उत्तरपूजा झाली, आईंनी मूर्ती जागेवरून जरा हलवली आणि पाटाखालून लाल खणात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. त्यात डिस्क! "ह्यांचा आवाज आहे म्हणालास ना यात? मग तो चपलांच्या कपाटाशेजारी लोंबकळत ठेवायचा? चतुर्थीला पहाटेच वायर काढून देवापाशी ठेवली." मी म्हटलं, आई, सांगायचं तरी! त्यावर, "मला विचारलंत का कुणी?" वायरीचं हे टोक मी दहा वेळा तपासलं होतं, दुसऱ्या टोकाला काय आहे ते एकदाही बघितलं नव्हतं. कॉम्प्युटर बिघडलाच नव्हता. 'डिस्क सापडत नाही, थांबू की पुढे जाऊ?' असं बिचारा दीड दिवस विचारत होता, आणि त्याच्या प्रश्नावर मी गणपती बसवला होता. तो फक्त अण्णांची वाट बघत होता.

डिस्क जोडली आणि अण्णा सुरू झाले. तोच खणखणीत आवाज, मध्येच 'मधू, टाळ नीट धर', आणि चित्र पुन्हा दोन पावलं मागे. मी ते सुधारायला उठलो तर आईंनी हात धरून बसवलं. म्हणाल्या, "राहू दे. जन्मभर असंच होतं. आधी जिन्यात आवाज, मग दारात माणूस." आम्ही सगळेच रडलो. जाईसुद्धा, आणि तिला आजोबा नीट आठवतही नाहीत. मग बाप्पाला बादलीत निरोप दिला.

वहिनींना नमस्कार. कबुतरांना काही नाही.

तुमचा,
पद्माकर

ता. क. – डिसेंबरात येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून देतो म्हणालो होतो, ते विसरा.

ता. क. २ – खरं काम आता सांगतो. आरती संपल्यावर अण्णा प्रसाद घेऊन आईंकडे वाकतात, काहीतरी बोलतात, आणि नेमकी तिथे तुम्ही डिस्कवर घेतलेली फीत संपते. आई ती जागा रोज बघतात. काय बोलले ते विचारायचा मला धीर होत नाही. मूळ टेप तुमच्या माळ्यावर असणार. कृपा करून शोधा. आईंना यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. ३ – चि. निशी, अनेक आशीर्वाद. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. टेपसाठी माळ्यावर चढू नकोस, तुला चक्कर येते. ते काय म्हणाले ते मला चांगलं आठवतंय. "वरणात मीठ कमी आहे" म्हणाले. कमी नव्हतं.
तरी खाली कुठे सापडली तर ठेव. – आई