आईच्या वाट्याच्या गोळ्या

४ ऑगस्ट

चि. खारूताईस,
मावशीचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. संशोधक बाईचं अक्षर वाईट असायचंच, पण निदान तारीख तरी वाचता यावी की नाही?

आता कामाचं. कोलेस्टेरॉलच्या नव्या गोळीच्या तुमच्या चाचणीत आम्ही दोघी बहिणींनी इथल्या दवाखान्यात नावं घातली, हे तू जाणतेसच. जुन्या गोळीने दोघींचे पाय ठणकायचे, म्हणून आम्हाला घेतलं. कोणाच्या बाटलीत खरी गोळी आणि कोणाच्या बाटलीत नुसती पिठाची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे. रक्ताचे आकडेही सांगत नाहीत. पण तुझी आई मुलखाची चौकस. मे महिन्यात तिने आम्हा दोघींचं रक्त गुपचूप बाहेर तपासून घेतलं. तिचं कोलेस्टेरॉल छान उतरलं होतं, माझं ढिम्म. परवा पुन्हा तपासलं तर सगळं उलटं! माझं उतरलं, तिचं चांगलंच चढलं. त्या लोकांनी रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केली असणार. मी जाऊन खडसावून आले.

पण तुझी आई हल्ली जिन्यात मधेच थांबते आणि चप्पल नीट करायचं निमित्त करते. म्हणून लिहिलं. तब्येतीला जप.

तुझी,
मावशी

११ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीचं पत्र वाचलं. रक्ताच्या नळ्या कोणी बदललेल्या नाहीत. गोळ्या तू बदलल्यास. खरी गोळी तुझ्याकडे आहे हे मेमध्ये कळलं, आणि तू तुझ्या गोळ्या मावशीच्या बाटलीत भरल्यास. हो ना?

तुझ्यावर रागवावं की तुला घट्ट मिठी मारावी, तेच कळत नाही. अगं, तुलाही मधुमेह आहे, तुझाही रक्तदाब वर असतो. अशा बायकांच्या हृदयाचं पुढे काय होतं, याचाच तर मी दिवसभर हिशेब मांडते. त्या तक्त्यांत नावं नसतात, त्यामुळे त्यातली तू कोणती हे मला कधी कळलंच नाही.

मला हे वरिष्ठांना सांगावं लागेल. गप्प बसले तर कोणालाही पत्ता लागणार नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. सांगितलं तर तुम्हा दोघींना चाचणीतून काढतील आणि मावशीची गोळीही थांबेल. आधी तू खरं काय ते लिही. आणि दम कशाने लागतो ते अंदाजाने ठरवू नकोस, लगेच ईसीजी काढ.

तुझी,
खारूताई

१९ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

होय, मीच बदलल्या. जन्मभर गणित शिकवलं, मला एवढं सुटणार नाही असं वाटलं होय तुम्हाला? तुझ्या मावशीला एक झटका येऊन गेलाय, मला नाही. औषध एकीपुरतंच असेल तर ते कोणी घ्यायचं, हे पाचवीतलं पोरही सांगेल. तुम्ही मोठी शिकलेली माणसं, आणि ठरवता कसं, तर चिठ्ठ्या टाकून!

हजारो माणसांत आम्ही दोघी कोण लागून गेलो? ती पुन्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते, शिवणाची कामं घेते, मला येताजाता टोमणे मारते. तुला सांगायचंच असेल तर माझं नाव काढ, तिचं राहू दे. आईसाठी एवढं कर. तिला यातलं काही कळता कामा नये, नाहीतर ती घर डोक्यावर घेईल. आणि दमाचं म्हणशील तर आता वय झालं.

तुझी,
आई

२ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी सांगून टाकलं. दोघींची नावं निघाली. मावशीलाही मीच सगळं कळवलं आहे.

तुझं म्हणणं मोडताना फार रडले. पण या आकड्यांवर भरवसा ठेवून उद्या कोणाची तरी आई गोळी घेईल किंवा सोडेल. तुमच्या डॉक्टरांशी बोलले. जुनीच गोळी अगदी कमी करून, दिवसाआड, दोघींनाही देणार आहेत. तू ईसीजी काढ. हवं तितकं रागव, पण काढ. महिनाअखेरीस मी येतेच आहे.

तुझी,
खारूताई

१४ सप्टेंबर

चि. खारूताईस,
मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्या आईशी बोलले नाही. ती मात्र एकटीच बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी हाताला धरून नेलं. ईसीजीत गडबड निघाली, पुढे तपासलं तर हृदयाची एक रक्तवाहिनी आकसलेली. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालंय. मी समोर बसून गोळी गिळायला लावते आणि तोंड उघडून दाखवायला सांगते. फार चिडते, पण दाखवते.

तू केलंस ते बरोबर केलंस. तिलाही ते पटलंय, कबूल मात्र करणार नाही.

मला अजून राग आहे गं तिचा. तिला वाटतं, तिने मला वाचवलं. पण ती गेली असती आणि मी ठणठणीत उरले असते, तर या घरात मी जगले असते कोणासाठी, हे तिच्या गणितात नव्हतंच.

लवकर ये. आम्हा दोघी म्हाताऱ्यांवर लोभ ठेव.

तुझी,
मावशी